मदत हवी आहे: फेसलिफ्टचा खर्च आणि रिझल्ट, लवकर सांगा

घाईत_आहे: फेसलिफ्ट करायचंय. दोन ठिकाणी विचारलं, दुसऱ्याने सांगितलेला आकडा पहिल्याच्या अडीच पट. दोघंही म्हणतात रिझल्ट छान येतो. छान म्हणजे काय? टिकतं किती वर्षं? एकाच ऑपरेशनला एवढा फरक कसा, कोण लुटतंय? नेटवर नुसत्या जाहिराती, आधीचे-नंतरचे फोटो बघून डोळे गेले. ज्यांनी खरंच केलंय त्यांनीच सांगा. आणि 'वय स्वीकारा' वगैरे कृपया नको, ते घरी रोज ऐकायला मिळतं. आठवड्याभरात ठरवायचंय.

चष्मेवाली: वय काय? नुसते गाल उतरलेत की मान पण सैल आहे? बीपी, शुगर, सिगारेट? आणि दोघांनी नेमकं कुठलं ऑपरेशन सांगितलंय? फेसलिफ्ट हे दुकानाच्या पाटीसारखं नाव आहे हो, आत काय मिळतं ते प्रत्येकाकडे वेगळं.

निवांत_नाना: घाई अजिबात करू नका. फेसलिफ्ट मॉडेलमध्ये दिवे आणि बंपर बदलतात फक्त, इंजिन तेच असतं. जुन्या मॉडेलवर शोरूमवाले चांगला डिस्काउंट देतात, ते घ्या.

चष्मेवाली: नाना, गाडी नाही. तोंड.

निवांत_नाना: अरेच्चा. पण इंजिन तेच राहतं हे इथेही लागू आहेच की.

सुईदोरा: ताई, एवढं कापाकापीचं कशाला? थ्रेड लिफ्ट करा, कातडीखाली दोरे ओवून ती वर ओढतात. तासाभरात घरी, भूल फक्त सुईपुरती, मी केलंय आणि ऑफिसात कोणाला कळलं पण नाही, सगळे म्हणाले फ्रेश दिसतेस.

एकदा_केलंय: किती दिवस झाले करून?

सुईदोरा: चार महिने.

एकदा_केलंय: मग वर्षाने या धाग्यावर परत या. ते दोरे साधारण सहा महिन्यांत विरघळतात, परिणाम वर्षभर, फार तर थोडा जास्त. मी पण आधी तेच केलं होतं, दोनदा. त्या दोन्ही वेळचे पैसे वाचवले असते तर ऑपरेशनचा बराचसा भाग निघाला असता.

सुईदोरा: प्रत्येकाची स्किन वेगळी असते. तुम्हाला नाही लागू पडलं म्हणून सरसकट नावं ठेवू नका.

एकदा_केलंय: ठेवत नाहीये. थोडंच ओघळलं असेल तर चालतं. सैल कातडी जास्त असेल तर दोरा ती कापून टाकत नाही, गोळा करून धरतो एवढंच.

आता मूळ प्रश्न. मी ५८ व्या वर्षी केलं, त्याला तीन वर्षं झाली. ऑपरेशन चार तास, पूर्ण भूल. काप कानाच्या पुढून निघतो, पाळीखालून वळतो आणि मागे केसांत जातो. दुखणं वाटलं होतं त्यापेक्षा कमी, पण तिसऱ्या दिवशी आरशात पाहिलं आणि रडले. एक गाल दुसऱ्यापेक्षा मोठा, गळ्यावर पिवळा-जांभळा डाग ओघळत छातीपर्यंत आलेला, हनुवटीखालून डोक्यावर बांधलेला पट्टा, आणि हसायला गेलं तर हसू अर्ध्यावरच अडकायचं. पाठीमागे उशा रचून बसल्या बसल्या झोपायचं. टाके आठवड्याभरात निघाले. तीन आठवड्यांनी बाजारात जाण्याइतकी माणसात आले. पण 'हा माझा चेहरा' असं वाटायला चार महिने लागले.

कोणीच सांगत नाही ती गोष्ट म्हणजे कान. दोन्ही पाळ्या कितीतरी महिने बधिर होत्या. एकदा कानातलं पडलं ते संध्याकाळी उशीवर सापडलं, मला पत्ताच नाही. हेअर ड्रायर वापरायचा तर हात आधी मध्ये घालून बघा, कान भाजला तरी कळत नाही.

रिझल्ट म्हणाल तर जबड्याची रेघ परत आली, हनुवटीशेजारच्या थैल्या गेल्या, मान सुटसुटीत झाली. ओठांवरच्या बारीक रेषा तशाच, कपाळ तसंच, डोळ्यांखालचं तसंच. ती सगळी वेगळी कामं. नाकापासून ओठांपर्यंतची घळ थोडी कमी झाली, गेली नाही. डॉक्टरांनी सात ते दहा वर्षं सांगितलीत, पण वय काही थांबत नाही, आहे तिथून पुढे चालू राहतं.

रोज_पंधरा_मिनिटं: चेहऱ्याचे व्यायाम करा, फुकट आहेत. गाल फुगवून पन्नास आकडे मोजायचे, मग मान वर करून छताला मुका घ्यायचा. माझी मान बघाल तर विश्वास बसणार नाही.

चष्मेवाली: फोटो टाका मग.

रोज_पंधरा_मिनिटं: मी सोशल मीडियावर फोटो टाकत नाही.

घाईत_आहे: ताई म्हणायचं बंद करा, मी पुरुष आहे. वय ५६. सव्वा वर्षात २४ किलो वजन उतरवलंय, त्याचं बक्षीस म्हणून तोंड लोंबायला लागलं. वजन जास्त होतं तेव्हा कोणी तब्येत विचारली नाही, आता जो भेटतो तो हात धरून म्हणतो बरं नाहीये का, टेस्ट केल्यात का. म्हणून करायचंय. कोणाला पंचविशीचं दिसायचं नाहीये.

एकदा_केलंय: अहो मग हे आधी सांगायचं ना! पुरुषांचं गणित थोडं वेगळं असतं. कातडी मागे ओढली की दाढीची जागाही मागे सरकते. कल्ले कुठे ठेवायचे, कानाच्या पुढची बिनकेसांची पट्टी शिल्लक ठेवणार का, हे सर्जनला विचारा, नाहीतर पुढे कानामागे वस्तरा फिरवायची वेळ येते.

ओटीतला_माणूस: मी ऑपरेशन थिएटरात काम करतो, सर्जन नाही. पुरुषांमध्ये आत रक्त साठायचं प्रमाण बायकांपेक्षा जास्त असतं, दाढीमुळे त्या कातडीला रक्तपुरवठा जास्त. बहुतेक वेळा पहिल्या २४ तासांतच होतं. एक गाल अचानक फुगून टणक झाला, एकाच बाजूला ठणका लागला तर सकाळची वाट बघायची नाही, लगेच परत टेबलावर. म्हणून पहिल्या रात्री तुमच्यावर लक्ष कोण ठेवणार हे पैशांच्या आधी विचारा. दोन्ही अंदाजपत्रकांवर काय लिहिलंय ते जसंच्या तसं इथे टाका.

घाईत_आहे: पहिलं: 'मिनी लिफ्ट, लोकल, डे केअर.' एवढंच (म्हणजे जागेपुरती भूल आणि त्याच दिवशी घरी), आणि खाली आकडा. दुसरं दोन पानी आहे. 'स्मास फेसलिफ्ट आणि नेक लिफ्ट, जनरल अनेस्थेशिया, एक रात्र.' मग भूलतज्ज्ञ, थिएटर, खोली, पट्टा, ड्रेसिंग, सहा व्हिजिट असं वेगवेगळं लिहिलंय.

ओटीतला_माणूस: झालं. ही दोन वेगळी ऑपरेशनं आहेत, लुटायचा प्रश्नच नाही. मिनीमध्ये काप लहान असतो, गालाचा खालचा भाग थोडा आवळतात, मानेला जवळपास काही होत नाही. २४ किलो उतरवलेल्या माणसाला मुख्य त्रास मानेचाच असणार. स्मास म्हणजे कातडीखालचा स्नायूंना जोडलेला पडदा, तो उचलून टाचतात, म्हणजे ताण कातडीवर येत नाही. नुसत्या कातडीवर ताण दिला की ती लवकर परत सैल पडते, वर कानाची पाळी खाली ओढली जाते.

जुना_वाचक: मिट्झ आणि पेरोनी यांनी १९७६ साली या थराचं वर्णन केलं. १९९० मध्ये हॅमरा यांनी त्याच्याही खालून जाणारी डीप प्लेन पद्धत मांडली. आता जो तो डीप प्लेनचं नाव घेतो, म्हणून नाव ऐकून भुलू नका, ते सर्जन ही पद्धत किती वर्षं करताहेत ते विचारा.

चष्मेवाली: पहिल्याला हेही विचारा की टाके काढणं, औषधं, आणि काही बिघडलं तर परत थिएटरचा खर्च त्या एका आकड्यात धरलाय का. एकच आकडा दिला की बाकीचं नंतर उगवतं. शिवाय सौंदर्यासाठीचं ऑपरेशन म्हणून विमा सहसा हात वर करतो. बाकी माझ्या प्रश्नांची उत्तरं अजून आली नाहीत, बीपी, सिगारेट? आणि आठवड्याभरात कशासाठी ठरवायचंय?

घाईत_आहे: बीपीची गोळी चालू आहे, कंट्रोलमध्ये. सिगारेट दिवसाला दोन, त्या काय सिगारेट म्हणायच्या. रक्त पातळ व्हायची एक गोळी आहे, ती दोन दिवस आधी बंद करीन. लेकीचं लग्न आहे सहा आठवड्यांनी.

ओटीतला_माणूस: थांबा. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, ज्यांनी सुरू केली त्या डॉक्टरांनी आणि सर्जननी आपसात बोलून ठरवायचं. कधीकधी बंद करताच येत नाही, मग ऑपरेशनच होत नाही. आणि दोन सिगारेट सिगारेटच असतात. सुटी केलेली कातडी बारीक रक्तवाहिन्यांवर जगत असते, निकोटिनने त्या आवळतात, कानामागची कातडी काळी पडलेली मी पाहिली आहे. साधारण चार आठवडे आधी आणि तेवढेच नंतर, पूर्ण बंद. म्हणजे सहा आठवड्यांचं तुमचं गणित इथेच संपलं.

सुईदोरा: लग्नासाठीच तर थ्रेड लिफ्ट चांगलं.

ओटीतला_माणूस: रक्त पातळ व्हायच्या गोळीवर दोरे ओवले तरी काळंनिळं होतंच हो.

एकदा_केलंय: लग्नात सुजलेल्या तोंडाने उभं राहणार का? माझा सहाव्या आठवड्यातला फोटो आहे, ओळखीच्या बायकांना सांगितलं दाढ काढली म्हणून. आणि वजन थांबलंय का अजून उतरतंय?

घाईत_आहे: अजून पाच किलो उतरवायचंय.

एकदा_केलंय: मग आत्ता शिवून घेतलेलं पाच किलोंनी परत सैल होईल! आधी वजन एका जागी येऊ दे, काही महिने तसंच राहू दे, मग करा.

रोज_पंधरा_मिनिटं: सहा आठवडे व्यायामाला भरपूर आहेत.

घाईत_आहे: पहिल्या ठिकाणी आत्ता फोन केला. मान त्यात नाही म्हणाले, 'लागली तर वेगळी बघू.' लग्नाची तारीख त्यांनी विचारलीच नव्हती, दुसऱ्यांनी विचारली होती आणि मी उगाच अजून लांब आहे असं सांगून आलो. ठीक आहे, लग्न होऊन जाऊ दे. वेगळा प्रश्न. दाढी वाढवली तर फोटोत गळा झाकला जाईल का? पांढरी येते.

एकदा_केलंय: वाढवा. आजपासूनच, दाट यायला चार आठवडे लागतील. गळ्यावरची काढू नका, तीच कामाची आहे.

निवांत_नाना: रंगवू नका फक्त. रंगवलेली दाढी लांबून कळते.

चष्मेवाली: नाना, पहिल्यांदाच मुद्द्याचं बोललात.