‘स्केदिंग’ म्हणजे ‘जळजळीत’च का?

शब्दवेल्हाळ: इंग्रजीत कठोर टीकेला लावतात त्या ‘स्केदिंग’ (scathing) या विशेषणाला ‘जळजळीत’ हा एकच मराठी शब्द चालतो, असे काल इथे ठासून लिहिले गेले. मला ते मुळीच मान्य नाही. ‘स्केदिंग’ हा शब्द स्कँडिनेव्हियातल्या जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘इजा करणे’ या अर्थाच्या धातूवरून आला आहे, आणि अपघातातून अंगावर ओरखडाही न उठता बाहेर पडलेल्याला आजही ‘अनस्केद्ड’ म्हणतात. त्यात आग कुठे आहे? मी वीस वर्षे न्यायालयाच्या बातम्या दिल्या. एकदा न्यायमूर्तींनी एका सरकारी अधिकाऱ्याला आवाज न चढवता एवढेच विचारले, की ही फाइल अकरा महिने एकाच टेबलावर का पडून होती. मी ‘ताशेरे ओढले’ असे लिहिले, पण इंग्रजी वृत्तातला ‘स्केदिंग’ पाहून उपसंपादकाने ते बदलून ‘जळजळीत टीका केली’ असे छापले. ‘न्यायमूर्ती माझ्यावर भडकले कधी?’ असे त्या अधिकाऱ्याने रात्री फोनवर विचारले, तेव्हा मला उत्तर देता आले नाही.

जुना अनुवादक: ते लिहिणारा मीच. धातू सांगितल्याने शब्दाचा आजचा अर्थ ठरत नाही. इंग्रज कवी मिल्टनने १६६७ साली ‘पॅरडाइज लॉस्ट’ या महाकाव्यामध्ये विजेने होरपळलेल्या ओक वृक्षांसाठी हेच क्रियापद वापरले आणि तिथून होरपळण्याची छटा त्याला चिकटली. उपसंपादकावरचा राग शब्दावर काढू नका.

साबणवाली: दाहच हवा असेल तर इंग्रजीत ‘कॉस्टिक’ आहे. मी घरी साबण करते. कॉस्टिक सोड्याचे पाणी हातावर उडाले की आधी नुसते बुळबुळीत लागते, आग मागाहून होते. माझ्या एका नातेवाइकांचे बोलणे अगदी तसेच होते. जेवताना सगळे हसायचे आणि घरी परतल्यावर आई रडायची. ‘दाहक’ त्या बोलण्यासाठी राखून ठेवा.

जुना अनुवादक: इथे साबणाचा काय संबंध?

साबणवाली: संबंध आहे. कॉस्टिक बोलणे लागल्याचे उशिरा कळते, स्केदिंग टीका मात्र ऐकता क्षणीच लागते. सगळ्यांना ‘जळजळीत’ म्हटले तर हा भेद मराठीत उरणारच नाही.

शब्दवेल्हाळ: मिल्टनचा दाखला मला ठाऊक नव्हता, तो नाइलाजाने स्वीकारतो. तरीही न्यायालय ताशेरेच ओढते.

जुना अनुवादक: न्यायालयापुरते ताशेरे राहू द्या. नाटकाच्या परीक्षणालाही तोच शब्द लावलात, तर मी पुन्हा लिहीन.