मदत हवी आहे: रेस्क्यूवाल्यांकडची काळी-पांढरी मांजर घरी आणायची आहे (जालना)

जालनेकर

संभाजीनगरच्या एका रेस्क्यूवाल्यांकडे एक मांजर बघून ठेवली आहे. पाठ-शेपटी काळी, छाती, पंजे आणि कानांची टोकं पांढरी, नाक गुलाबी. वय दीड वर्षाच्या आसपास, नसबंदी झालेली. ते म्हणतात आधी फॉर्म भरा, घर बघायला येऊ, आणि कधी नकोशी झाली तर परत आमच्याकडेच द्यायची. हे नेहमीचंच असतं का?

आमचं घर दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि गच्ची. गच्चीवर पत्र्याचं शेड आहे, तिला तिथंच ठेवायचा विचार होता. वहिनींना चौथा महिना आहे, त्यामुळे घरचे म्हणायलेत की बाळ होईपर्यंत मांजर नकोच. खायला दूध-भाकरी चालेल ना? मे महिन्यात आणावी की पाऊस पडल्यावर?

पाथरीकर

फॉर्म, घरभेट, परतीची अट, सगळं नेहमीचंच. उलट काहीच न विचारता मांजर हातात देणाऱ्यांपासून लांब राहा.

तुम्हीही त्यांना विचारा. लसीकरणाचं कार्ड मागा आणि त्यावर लसीच्या बाटलीचं स्टिकर व तारीख आहे का ते बघा, नुसती बरोबरची खूण नको. मोठ्या मांजरीला आधी काहीच दिलं नसेल तर तिहेरी लसीचे दोन डोस, मध्ये ३ ते ४ आठवडे, शिवाय रेबीजची लस आणि वर्षाने बूस्टर. जंताची गोळी वजनावर ठरते, म्हणून वजन तिथंच करून घ्या. नसबंदीचा कागदही मागा. कानाचं टोक कापलेलं असणं ही नसबंदीची खूण आहे, पुरावा नव्हे. आणि तिथे अलीकडे पॅनल्यूकोपेनिया (मांजरींचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) येऊन गेला का, हे स्पष्ट विचारा. त्याचा विषाणू फरशीवर, भांड्यांवर वर्षभरसुद्धा टिकतो.

मांजर हातात घेऊन बघा. हिरड्या गुलाबी हव्यात, फिक्या नकोत. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा मळ असेल तर कानातले किडे आहेत, थेंबांनी जातात. अंगावर गोल, केस गेलेले चट्टे असतील तर गजकर्ण. तो माणसांनाही होतो, तेव्हा बरा होईपर्यंत आणू नका.

गोदाकाठ

वहिनींचा प्रश्न आधी सोडवा. भीती टॉक्सोप्लाझ्माची आहे, म्हणजे पोटातल्या बाळाला इजा करू शकणाऱ्या एका परजीवी जंतूची. मांजरीला तो उंदरातून किंवा कच्च्या मांसातून होतो आणि बहुतेक वेळा पहिल्या लागणीनंतर १ ते ३ आठवडेच विष्ठेतून बाहेर पडतो. ताजी विष्ठा लगेच लागण करत नाही, त्याला १ ते ५ दिवस लागतात. म्हणून वाळूचा ट्रे रोजच्या रोज साफ झाला पाहिजे आणि तो वहिनींनी अजिबात करायचा नाही. मांजर घरातच राहिली आणि शिजवलेलं किंवा तयार खाद्य खाल्लं, तर धोका खूप कमी. अर्धकच्चं मटण, न धुतलेली पालेभाजी, हातमोजे न घालता कुंडीतली माती उकरणं, हे जास्त घातक. वहिनींच्या डॉक्टरांना टॉक्सोच्या रक्ततपासणीबद्दल विचारून घ्या.

पाथरीकर

शेडचा विचार सोडून द्या. मराठवाड्यातल्या मेमध्ये पत्र्याखाली मांजर तग धरत नाही. तुमच्या मांजरीचं नाक गुलाबी आणि कानांची टोकं पांढरी आहेत. अशा कातडीत रंग नसतो, वर्षानुवर्षं ऊन लागलं तर तिथे कॅन्सर होतो. कानाच्या कडेला किंवा नाकावर न भरणारी खपली दिसली की डॉक्टर. अकरा ते चार गच्ची बंदच ठेवा.

मे-जून बघत बसू नका, फक्त प्रवास सकाळी लवकर करा. जालना-संभाजीनगर साठेक किलोमीटर, गाडीत त्रास होतो, म्हणून निघण्याआधी ३-४ तास खायला नको. कडक पिंजराच घ्या. त्यात तिच्या तिथल्या अंथरुणाचा तुकडा टाका, वरून सुती कापड झाका. पिशवीत किंवा खोक्यात आणाल तर बसस्टँडवरच निसटेल. तोंड उघडं ठेवून धापा टाकायला लागली तर उष्माघात समजा. नळाच्या पाण्याने अंग ओलं करा, पंखा लावा, बर्फ नको, आणि थेट दवाखाना गाठा.

पहिले दहा-पंधरा दिवस एकच खोली. खोक्याचं तोंड भिंतीकडे करून ठेवा, ती आत बसेल. ओढून काढू नका. ट्रे साधारण ५० सेंटिमीटर लांब, वाळू ५ ते ७ सेंटिमीटर, खाण्यापासून लांबच्या कोपऱ्यात. रेस्क्यूत जी वाळू वापरतात तीच सुरुवातीला घ्या. पुढे चाळलेल्या नदीच्या वाळूवर न्यायची असेल तर दर ३-४ दिवसांनी पाव भाग बदला (ती वाळूही आता फुकट मिळत नाही म्हणा). गोळे होणारी वाळू संडासात टाकू नका, पाइप तुंबतो.

आता फिनाइल. आपल्याकडे रोज फरशी पुसायची सवयच. काळ्या फिनाइलमधली फिनॉलची द्रव्यं मांजरीच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. पंजे ओले होतात, ती चाटते, लाळ गळते, तोल जातो. साबणाच्या पाण्याने पुसा. जंतू मारायचेच असतील तर साधं ब्लीच एका लिटरला ३० मिली, दहा मिनिटं ठेवून स्वच्छ धुवा. फिनाइल किंवा ॲसिडमध्ये कधीही मिसळू नका. पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही मांजरीचा जीव घेऊ शकते. कुत्र्याचं पिसवांचं औषधही नको. त्यातलं परमेथ्रिन तिला झटके आणतं.

गोदाकाठ

दूध-भाकरी नको. मोठ्या मांजरीला सहसा दूध पचत नाही, जुलाब होतात. भाकरीत टॉरिन (मांसातून मिळणारं, मांजरीला लागणारं पोषकद्रव्य) नसतं. ते न मिळाल्यास हळूहळू नजर जाते, हृदय कमजोर होतं. साडेतीन किलोच्या मांजरीला दिवसाला साधारण ५० ग्रॅम कोरडं खाद्य, पाकिटावरचा तक्ता बघून थोडं कमीजास्त. सोबत उकडलेलं चिकन चालेल, हाडं काढून आणि कांदा, लसूण, मीठ न घालता. चिकन उकडलेलं पाणीही द्या, टॉरिन त्यात उतरतं. एक दिवस पूर्ण तोंड लावलं नाही तर डॉक्टरांना फोन करा, दोन दिवस थांबू नका. उपाशी मांजरीच्या यकृतात चरबी साठते. अवघड केस झालीच तर परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयांची चिकित्सालयं आहेत. परभणीला तर रेल्वेनेच जाल.

जालनेकर

शेड रद्द. मावशी म्हणतात काळी-पांढरी तापट असते, आणि आडवी गेली की काम होत नाही.

पाथरीकर

रंगाचा आणि स्वभावाचा संबंध नाही. गर्भात रंगाच्या पेशी पाठीकडून निघतात, पोट-पंज्यांपर्यंत पोचल्या नाहीत की तिथं पांढरं राहतं, बस्स. घरातली मांजर दिवसातून पन्नासदा आडवी जाणार, मावशींनी तयारी ठेवावी.

जालनेकर

गच्चीला जाळी कोणती? संध्याकाळी सोडायची म्हणतोय.

पाथरीकर

कबुतरांची नायलॉन जाळी चावून तुटते. गॅल्वनाइज्ड तारेची घ्या, भोक ३ सेंटिमीटरपर्यंत, दर ३० सेंटिमीटरला तारेने बांधा. कठडा खाली आणि टाकी जवळ असेल तर वरूनही झाकावी लागेल. टाकीवरून उडी मारून ती सहज पलीकडे जाते.