मदत हवी आहे: ऑफिसात मत मांडलं म्हणून कारणे दाखवा नोटीस

नमस्कार मंडळी. मी जळगाव एमआयडीसीतल्या एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. मुख्य ऑफिस पुण्याचं. त्यांच्या समावेशकतेच्या प्रशिक्षणात ‘कुणाला काही विचारायचंय?’ म्हटल्यावर मी बोलले, की बायकांची कपडे बदलायची खोली शरीराच्या लिंगावरूनच ठरावी, ट्रान्स सहकाऱ्यांसाठी वेगळी सोय करा. कुणाचं नाव घेतलं नाही, टिंगलही केली नाही. आमच्याकडे ट्रान्स सहकारी आहे, तिच्याशी माझं नीट बोलणं आहे. तरी ‘भेदभावपूर्ण वक्तव्य’ म्हणून नोटीस आली. धुळ्याची मावशी फोनवर एवढंच म्हणाली, ‘कसाले बोलनी वं?’

वाचून कळलं ते असं: ब्रिटनमध्ये माया फोरस्टेटर (मतं मांडल्यावर ज्यांचं कामाचं कंत्राट पुढे वाढवलं नाही) यांच्या खटल्यात 2021 मध्ये ‘लिंग जैविक असतं, ते बदलत नाही’ हे मत तिथल्या समानता कायद्याखाली संरक्षित ठरलं. पण तो कायदा तिथला. आपल्याकडे घटनेच्या कलम 19 चं अभिव्यक्तीस्वातंत्र्य मुख्यतः सरकारविरुद्ध, खासगी मालकापुढे ते कितपत चालतं याची मला खात्री नाही. शिवाय 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती कायद्यात नोकरीतल्या भेदभावाला बंदी आहे, आणि ती असावीच. पण धोरणाबद्दलचं मत म्हणजे भेदभाव का?

कामगार कायद्याचे जाणकार सांगा: उत्तरात मत मागे न घेता काय लिहावं? घरगुती चौकशीशिवाय (म्हणजे कंपनीची अंतर्गत चौकशी) नोकरीवरून काढू शकतात का? आणि हो, ‘माफी मागून मोकळी हो’ हा सल्ला भरपूर मिळालाय. जळगाव-भुसावळकडचे वकील माहीत असतील तर इनबॉक्स करा.