मरळीसाठी बासचं सामान चालतं का? उजनी, हिप्परगा इकडचं सांगा

जुळेसोलापूरकर
नमस्कार मंडळी, इथं उजनी धरणाला आणि सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावाला गळ टाकणारे बरेच जण आहेत म्हणून विचारतो. लहानपणापासून गांडूळ नाहीतर कणकेचा गोळा लावून चिलापी धरत आलोय पण आता मरळ धरायचीय, ती पण ल्युरवर, म्हणजे नकली आमिषावर. मराठीत यावर कोण नीट सांगत नाही, युट्यूबला बघावं तर सगळे व्हिडिओ अमेरिकेतल्या लार्जमाउथ बास नावाच्या माशाचे, ती माणसं शेवाळावरनं रबरी बेडूक ओढत आणतात आणि खालनं मासा फुटतो, ते बघून मला तर सेम मरळच वाटते. तेच बघून 7 फुटी मिडियम हेवी रॉड घेतला, 4000 चं स्पिनिंग रील, आणि त्यात दुकानदारानं भरून दिलेला तंगूस (नायलॉनचा दोरा) आहे.

आता अडचण अशी की फ्रॉगवर (रबरी बेडकावर) मरळ येते, धाडकन पाणी उडतं, मी लगेच हिसडा मारतो आणि फ्रॉग मोकळाच उडून माझ्याकडं येतो. दुसरं म्हणजे ते लोक सांगतात उन्हाळ्यात मासा खोलात जातो, तिथं टाका. आपल्याकडं उन्हाळ्यात उजनी अशी उतरते की आज जिथं गुडघाभर पाणी आहे तिथं पुढच्या महिन्यात नुसता गाळ, मग खोल म्हणजे कुठं आणि मरळ बसते कुठं? आणि अजून एक, माझा मेव्हणा म्हणतो बासचीच पिल्लं कुठून तरी मागवू आणि हिप्परग्यात सोडू, दोन-तीन वर्षांत मजा येईल. असं करता येतं का? जाणकारांनी सांगा प्लीज.

करमाळा_बॅकवॉटर
दादा रॉड बरोबर घेतलाय, तो बदलू नका. बास काय आणि मरळ काय, दोन्ही झाडोऱ्यात दबा धरून बसणारे आणि डोक्यावरनं बेडूक गेला की राहवत नाही असे, त्यामुळं सामान तिकडचं चालतं. पण त्यांचं कॅलेंडर इकडं आणू नका, तिथंच सगळे फसतात.

बास कल्ल्यानं श्वास घेतो, त्याला पाण्यातलाच ऑक्सिजन लागतो. तिकडच्या खोल तलावात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार असे पाण्याचे थर पडतात, एकदम तळाला ऑक्सिजन संपत येतो, मग बरेच बास वरच्या गरम पाण्यातनं खाली सरकतात आणि त्या थराच्या वर वर राहतात. म्हणून ते लोक खोलात टाकतात. मरळीचं तसं नाही. ती वर येऊन तोंडानं हवा घेते, तिला वर येऊ दिलं नाही तर पाण्यात असून गुदमरून मरते. सारखं वर यायचंय तर ती तीस फुटाखाली जाऊन काय करणार? भर मे महिन्यात पण ती काठालाच असते, फक्त सावली धरून. जलपर्णीच्या खाली, बुडालेल्या बाभळीच्या बुडाशी, बंधाऱ्याच्या दगडाच्या कपारीत. गुळगुळीत पाण्यावर मधेच एक बुडबुडा फुटल्यासारखा आवाज येतो ना, ती हवा घेऊन खाली गेलेली असते. तिथं बघत बसा, थोड्या वेळानं त्याच जागी परत येते.

आता पाण्याचं. उजनीला महिना बघून चालत नाही, पाणी चढतंय का उतरतंय एवढंच बघायचं. आधी ते टक्क्याचं समजून घ्या कारण पेपरात उजनी शून्य टक्के वाचलं की लोक समजतात धरण आटलं. एकूण साठा 117 टीएमसीच्या आसपास, त्यातला उपयुक्त 53.57, आणि टक्के काढतात ते फक्त या उपयुक्तवर. शून्याला पण खाली 63 टीएमसी मृतसाठा असतोच. म्हणून तर मायनस टक्के म्हणतात. 2023 ला पावसानं दगा दिला, धरण साठ टक्क्यांच्या आसपासच भरलं आणि पुढच्या जूनपर्यंत मायनस साठपर्यंत गेलं, म्हणजे तेव्हा पण तीसेक टीएमसी पाणी होतंच, फक्त ते काठापासून लांब जुन्या भीमेच्या पात्राकडं सरकलं. पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं ते अशाच वेळी.

उतरत्या पाण्यात मासा काठाच्या आत थांबत नाही, कोरडा पडायची भीती त्याला पण असते. आमच्या वांगी ढोकरी बाजूला काठ सपाट आहे, वीतभर पाणी उतरलं तरी लांबलचक पट्टा उघडा पडतो. कॅनॉलचं आवर्तन चालू असताना त्या सपाट पट्ट्यात टाकून उपयोग नाही. जुने ओढे जिथं धरणाला मिळतात ती नाळ शोधा, बुडालेल्या विहिरी, जुने बांध, बाभळीची खोडं, आणि तिथं पण आतल्या बाजूला न टाकता खोल पाण्याकडच्या कडेला टाका. आवर्तन बंद झालं आणि पाणी चार-आठ दिवस एका जागेवर थांबलं की मासा परत काठाला लागतो. हे दिवस मला फार आवडतात, उन्हाळ्यातले सगळ्यात चांगले.

चढतं पाणी वेगळंच. आपल्याकडं थेंब पडलेला नसतो पण घाटावर पाऊस झाला, पुण्याकडच्या धरणांतनं पाणी सुटलं की दौंडचा विसर्ग वाढतो आणि उजनी चढायला लागते. म्हणून जुलैपासनं आभाळ बघत बसू नका, दौंडचे क्युसेक बघा. नवीन पाणी गवतात, उसाच्या कडेला, बाभळीत शिरतं, तिथले किडे, बेडूक, गांडुळं सगळं पाण्यात येतं आणि मरळ त्याच्या मागं मागं अगदी घोट्याएवढ्या पाण्यात शिरते. 2024 ला तर जूनमधलं मायनस धरण ऑगस्टमधे शंभर टक्के झालं होतं, एवढ्या झपाट्यानं पाणी चढलं तर कालची जागा आज खोलात जाते, रोज नव्या कडेला सरकावं लागतं.

आणि गाळाला जपा. वरनं कडक दिसतो, आत मांडीपर्यंत जातो. एकटं उतरू नका.

अक्कलकोट_अँगलर
वरच्या भावानं पाण्याचं मस्त सांगितलंय, मी फक्त सामानाचं बोलतो.

तुमचा प्रॉब्लेम निम्मा त्या तंगूसमधे आहे. नायलॉन ताणला जातो, लांबनं हिसडा मारला की सगळा जोर दोऱ्याच्या ताणण्यातच जातो, गळापर्यंत पोचतच नाही. मरळीचं तोंड म्हणजे हाड आणि दात, गळ आत घुसायला जोर लागतो. ब्रेडलाइन (विणलेला दोरा) भरा, 40 पौंडाची, जलपर्णी दाट असेल तर 50. ब्रेड ताणत नाही आणि पाण्यावर तरंगते, फ्रॉगला तेच पाहिजे. फ्लोरोकार्बन बासवाले खूप वापरतात पण ते जिग (शिसं जोडलेला गळ) आणि टेक्सास रिगला (खाली सांगतो), ते पाण्यात बुडतं, फ्रॉगला लावलं की नाक खाली ओढतं आणि चालच बिघडते.

निम्मा प्रॉब्लेम घाईचा. पाणी उडालं की हात आपोआप वर जातो, सगळ्यांचा जातो, पण तेव्हा फ्रॉग नुसता तोंडाच्या टोकात असतो किंवा धडक चुकलेली पण असते. रॉड खाली ठेवा, दोरा जरा ढिला पडू द्या, फ्रॉग दिसेनासा होऊन दोऱ्याला वजन लागलं की मग ढील ओढून घ्या आणि कमरेपासनं हिसडा मारा. चुकलीच तर फ्रॉग ओढून बाहेर काढू नका, तिथंच थांबवा, हलकासा हलवा, बऱ्याच वेळा परत येते.

स्वस्त फ्रॉग असेल तर विकत घेतानाच अंगठा आणि बोटानं दाबून बघा. दाबला की दोन्ही गळाची टोकं पूर्ण बाहेर आली पाहिजेत. रबर कडक असेल तर मरळीनं दाबला तरी गळ आतच राहतात. पक्कडीनं दोन्ही गळ किंचित, अगदी किंचित, बाहेर आणि वर वाकवायचे आणि कानस मारून धार लावायची. पायाच्या झालरी फार लांब असतील तर कापा, मासा तेवढ्याच धरून ओढतो.

जिथं वर काही येत नाही, ऊन कडक झालंय, तिथं टेक्सास रिग टाका. गोळीसारखं टोकदार शिसं, त्याखाली ऑफसेट गळ, त्यावर रबरी गांडूळ, गळाचं टोक त्याच रबरात लपवलेलं, म्हणजे बाभळीच्या काट्यात अडकत नाही. खोडाच्या बुडाशी सोडायचं, तळाला लागू द्यायचं आणि हळूहळू टुकटुक करत आणायचं. हे बासवाल्यांचं सगळ्यात कामाचं तंत्र आहे माझ्या मते, आपल्याकडं लोक फ्रॉगच्या नादात याला हात लावत नाहीत.

आणि एक गोष्ट व्हिडिओतली अजिबात करू नका. ते लोक बासच्या खालच्या ओठाला अंगठा घालून उचलतात कारण त्याचे दात कानशीसारखे खरखरीत पण बारीक असतात. मरळीच्या तोंडात बोट घालाल तर टाके पडतील. ग्रिपर आणि लांब नाकाची पक्कड खिशातच पाहिजे.

भीमाकाठ_पंढरपूर
नमस्कार. मेव्हण्याच्या प्रश्नाचं कुणी उत्तर दिलं नाही म्हणून लिहितो, कारण माझ्या दृष्टीनं तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

बास सोडू नका. कुठल्याच तलावात, विहिरीत, शेततळ्यात सोडू नका. जपानमध्ये 1925 ला हौस म्हणून अमेरिकेतनं बास आणून एका तलावात सोडला होता. पुढं तो देशभर पसरला, तिथल्या लहान लहान गावठी माशांचा फडशा पाडला, आणि शेवटी 2005 पासून कायदा करून जिवंत बास पाळायला, न्यायला आणि सोडायला बंदी घालावी लागली. गंमत बघा, 2009 ला जागतिक विक्रमाशी बरोबरी करणारा बास त्याच जपानच्या बिवा तलावात सापडला, दहा किलोच्या वर, म्हणजे परका मासा तिथं किती माजला असेल विचार करा. आपल्याला एवढं लांब जायची पण गरज नाही. चिलापी मूळची आफ्रिकेतली, आणि आज उजनीत जाळं टाकलं की काय निघतं ते भिगवणच्या मासळी बाजारात जाऊन बघा. जुन्या भोयांना विचारा आधी भीमेत काय काय मिळायचं, ते नावं घ्यायला लागले की थांबत नाहीत. एकदा पाण्यात गेलेला मासा परत काढता येत नाही. मेव्हण्यांना हे प्रेमानं सांगा, पण सांगाच.

दुसरं, पावसाळ्यात मरळ पिल्लं घेऊन फिरते. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसतो, एकाच जागी वळवळत असतो, आणि खाली आई-बाप राखण करत असतात. त्या घोळक्यावर फ्रॉग टाकला की मरळ हमखास अंगावर येते, भुकेनं नाही, पिल्लांसाठी. ती मारली की तो घोळका एका दिवसात चिलापी आणि पाणकावळे साफ करतात. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात बऱ्याच भागांत बास घरट्यावर असतो त्या काळात तो धरायला बंदीच असते, कारण तिथं पण नर घरट्याची राखण करतो. आपल्याकडं असा नियम पाळून घ्यायला काठावर कुणी उभं नाही, म्हणून आपणच पाळायचा. घोळका दिसला की गळ गुंडाळून पुढं जायचं.

होटगी_रोड
हिप्परग्याचं थोडक्यात, तो एकरुख तलाव 1871 चा आहे, गाळानं बराच भरलाय, त्यामुळं उथळ पट्टे भरपूर आणि मरळीला जागा चांगली. पण आधी तिथल्या मच्छीमारांना विचारून जावा, सोसायटीचा ठेका असतो, त्यांची जाळी लावलेली असतात, त्यात ल्युर अडकला तर आपला दोरा कापून टाका पण जाळं फाडू नका. त्यांचं पोट आहे त्यावर. नीट बोललं की तेच लोक जागा दाखवतात बघा.

जुळेसोलापूरकर
वा, खूप खूप धन्यवाद सगळ्यांना. ब्रेडलाइन उद्याच घेतो. भीमाकाठ काका, मेव्हण्याला तुमचा मेसेज जसाच्या तसा पाठवला, त्याला पटलंय, म्हणाला मला जपानचं माहीतच नव्हतं.

अजून दोन गोष्टी विचारतो. ब्रेडला पुढं लीडर (गळाजवळ बांधायचा वेगळा दोरा) लावायचा का, मरळीचे दात आहेत म्हणून? आणि आत्ता उजनीचं पाणी हिरवंगार झालंय, वास पण येतोय, अशा पाण्यात कुठला रंग घ्यायचा? मी पांढरा आणि पिवळा फ्रॉग घेतलाय. होडी करून आत गेलो तर बरं पडेल का?

अक्कलकोट_अँगलर
फ्रॉगला लीडर नको, 50 ची ब्रेड थेट बांधा, पालोमार गाठ मारा. दर मासा काढल्यावर शेवटचा हातभर दोरा बोटानं चाचपून बघा, खरखरीत लागला की तेवढा कापून परत बांधा. टेक्सास रिगला मात्र जाड लीडर लावा.

हिरव्या आणि गढूळ पाण्यात काळा फ्रॉग घ्या. मासा खालनं वर बघतो, वर उजेड असतो, त्यात काळ्याची आकृती सगळ्यात ठळक दिसते. पांढरा स्वच्छ पाण्यात ठीक. पाणी फारच दाट असेल तर स्पिनरबेट, त्याचं पातं फिरतं त्याची थरथर माशाला लांबनं कळते.

करमाळा_बॅकवॉटर
त्या हिरव्या पाण्याचं एक लक्षात ठेवा, दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं पण रात्रभर तेच ऑक्सिजन खातं, म्हणून पहाटे पाण्यात ऑक्सिजन सगळ्यात कमी. पहाटे चिलापी वर येऊन तोंड उघडबंद करताना दिसल्या तर दुसरे मासे त्या वेळी खात नाहीत, पण मरळीला त्याचा एवढा फरक पडत नाही, उलट अर्धमेल्या चिलापीच्या मागं ती असते. तेव्हा फ्रॉग काठाकाठानं टाका. त्या पाण्यात हात घालून तसाच डबा खायला बसू नका, साबण आणि घरचं पाणी सोबत ठेवा.

होडीचं मात्र नीट ऐका. उजनीत दुपारनंतर वारा उठला की समुद्रासारख्या लाटा येतात. मे 2024 ला आमच्या कुगाव आणि पलीकडच्या कळाशीच्या मधे वादळात बोट उलटून सहा जण गेले. मरळ काठालाच असते, तिच्यासाठी आत जायची काहीच गरज नाही. तरी जायचंच असेल तर स्थानिक मच्छीमार सोबत, लाइफ जॅकेट अंगात घालून, होडीत नुसतं ठेवून नाही, आणि अकराच्या आत काठाला परत. येणार असाल त्याच्या आदल्या दिवशी इथं लिहा, पाणी कुठपर्यंत आलंय आणि कुठला ओढा धरायचा ते सांगतो.