ब्रिटिश पब आणि अमेरिकन बार: ऑफिसच्या लोकांसोबत बसायची रीत काय?

मिहानवाला
नागपूरहून आमची सहा जणांची टीम आधी लीड्सला आणि मग डॅलसला जाणार आहे. दोन्हीकडे शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसचे लोक बसतात. आपल्या इथे सदरला बसलो की वेटर येतो, चकना येतो, शेवटी एकच बिल येतं आणि जो मोठा असेल तो खिशात हात घालतो. तिकडे तसं नसतं एवढंच ऐकलं. ऑर्डर कोण देतो, पैसे कोण, टिप किती? शिवाय दोघी जणी पीत नाहीत, त्यांनी काय करावं?

गोकुळपेठी
आधी लीड्सचं सांगतो. पबमध्ये टेबल धरून बसून राहाल तर सहसा कोणी विचारायलाही येणार नाही. काउंटरवर जायचं, सांगायचं, तिथल्या तिथे पैसे द्यायचे आणि ग्लास आपणच उचलून आणायचे. जेवण हवं असेल तर टेबलाचा नंबर आधी बघून ठेवा, काउंटरवर तो विचारतात. किचन मात्र पबच्या बरंच आधी बंद होतं, त्यामुळे भुकेचा निर्णय लवकर घ्या. काउंटरवर रांग दिसत नाही, पण असते. आपल्या आधी कोण आलं हे ध्यानात ठेवायचं, आणि आपल्याला चुकून आधी विचारलं तर शेजारच्याकडे हात दाखवायचा. कार्ड हलवून किंवा चुटकी वाजवून बोलावलं की गेलात कामातून.

खरी भानगड राउंडची आहे. एकाने सगळ्यांचे ग्लास आणायचे, पुढच्या वेळी दुसऱ्याने. हिशोब कोणी लिहीत नाही, पण विसरतही नाही. तिघांचं पिऊन आपली पाळी यायच्या आत निघून जाणारा माणूस तिथे कायमचा लक्षात राहतो. लवकर निघायचं असेल तर पहिला राउंड आपणच घ्यावा. ही सवय इतकी मुरलेली की पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये, दारूखप कमी करायला लंडनमध्ये दुसऱ्याला पाजण्यावरच सरकारने बंदी घातली होती!

सहा जणांचा एक राउंड करू नका. ब्रिटिश पाइंट ५६८ मिलीचा, सहा राउंड म्हणजे माणशी जवळजवळ साडेतीन लिटर. तीन-तीनचे दोन गट करा, नाहीतर सगळ्यांनी सारखे पैसे एकत्र काढून त्यातून घेत राहा, तेही चालतं. वेग झेपत नसेल तर हाफ मागा, २८४ मिली. त्याला कोणी हसत नाही.

सगळी ऑर्डर एकदम सांगायची, आणि त्यात गिनेस (काळी आयरिश बिअर) असेल तर ती सर्वात आधी. ग्लास तिरपा धरून पाऊण भरतात, फेस बसेपर्यंत ठेवून देतात, मग वरचा भाग भरतात. यात दोनेक मिनिटं जातात. शेवटी सांगितली तर बाकीचे पाच ग्लास तिथेच ताटकळतात आणि मागचे लोक तुमच्याकडे बघतात.

चकना फुकट नाही. वेफर्सचं पाकीट घ्यायचं, शिवणीवरून पूर्ण फाडून टेबलाच्या मधोमध उघडं पसरायचं, म्हणजे ते सगळ्यांचं. स्वतःपुरतं हातात धरून खाणारा जरा कंजूष वाटतो.

लक्ष्मीनगर_४०
डॅलसला गणित उलटं. तिथे देणंघेणं मित्रांमध्ये कमी, तुमच्यात आणि बारटेंडरमध्ये जास्त. स्टूलवर बसलं की तो विचारेल, टॅब (म्हणजे चालू बिल) उघडा ठेवू का? कार्ड दिलं की सगळं त्यावर चढत जातं. शेवटी स्लिप येते, तिच्यावर टिपची ओळ कोरी असते. आकडा टाका, खाली बेरीज लिहा, सही करा, आणि बारची प्रत टेबलावर सोडून या. टॅब बंद न करता निघालात तर बरेच बार स्वतःच टिप लावून बंद करतात, आणि कार्ड तिथेच राहिलं तर उद्या पुन्हा चक्कर.

टिप: साध्या बिअरला ग्लासमागे एक-दोन डॉलर, कॉकटेल किंवा मोठ्या बिलावर १८ ते २० टक्के. याला बक्षिसी समजू नका. टिप मिळणाऱ्यांसाठी फेडरल किमान वेतन ताशी २.१३ डॉलर आहे, १९९१ पासून तेवढंच, आणि टेक्सासमध्येही हाच दर चालतो. उरलेला पगार तुमच्या टिपेतून निघतो. लीड्सची सवय घेऊन शून्य लिहिलंत तर दुसऱ्या ग्लासला बारटेंडर तुम्हाला बघणारच नाही. लीड्सला मात्र काउंटरवर टिप ठेवायची रीत नाही.

वेगवेगळं बिल हवं असेल तर पहिल्या ऑर्डरलाच सांगा. शेवटी सहा कार्डं पुढे केलीत तर बिचाऱ्याचे दहा मिनिटं जातात. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, फोनमधला फोटो चालत नाही. वय २१ लागतं, आणि केस पांढरे असले तरी विचारतात. ब्रिटनमध्ये १८, पण पंचविशीच्या आतले दिसलात तर तिथेही मागतात.

वर्धारोड
दोन गोष्टी राहिल्या. आपण ३०-६० च्या हिशोबाने पेग मोजतो. ब्रिटनमध्ये सिंगल म्हणजे २५ किंवा ३५ मिली, मापूनच. अमेरिकेत साधारण ४४ मिली, आणि बरेच जण अंदाजाने ओततात. त्यामुळे अमेरिकेतले 'दोनच' घरच्या दोन छोट्या पेगपेक्षा जड जातात. पाइंट मात्र अमेरिकेचा लहान, ४७३ मिली.

दुसरं, लीड्सला उन्हात ग्लास घेऊन पबबाहेर फुटपाथवर उभं राहणं नेहमीचं. डॅलसला तसं बाहेर पडू नका, बारवाला दारातच अडवेल.

मिहानवाला
भारी माहिती. न पिणाऱ्या दोघींचं?

गोकुळपेठी
पबमध्ये लाइम-सोडा किंवा झिरो (बिनदारूची) बिअर मागायची, कोणी कारण विचारत नाही. राउंडमध्ये राहिल्या तर त्यांनाही पाळी येते, आणि सोडा पिऊन चौघांच्या बिअरचे पैसे देणं महागात पडतं. म्हणून सुरुवातीलाच 'आमचं आम्ही घेतो' म्हणावं, तसं म्हणणं वावगं नाही. पहिले दोन राउंड झाल्यावर म्हटलं की मात्र विचित्र वाटतं.

लक्ष्मीनगर_४०
डॅलसला कोक-सोडा मागितला तरी डॉलरभर टिप ठेवा. ग्रुपची गाडी त्या दोघीच चालवणार असतील तर तसं सांगा, काही ठिकाणी तो कोक फुकट मिळतो. टिप तरीही ठेवायची.