डोक्याला मार लागलेला रुग्ण, औषधाची चाचणी आणि नातेवाइकांची सही

घाटमाथा:
बेशुद्ध माणूस, सोबत कोणी नाही. त्याला नव्या उपचाराच्या चाचणीत घ्यावं का? माझ्या मते घ्यावं, घरच्यांची वाट बघत बसू नये. मेंदूची सूज उतरावी म्हणून डॉक्टर कित्येक वर्षं स्टेरॉइड देत आले. त्यासाठी वेगळी सही कोणी मागितली? मग 'क्रॅश' चाचणी झाली, 10,008 रुग्णांवर. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड: निम्म्यांना स्टेरॉइड, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं द्रावण. 2004 साली निकाल आला. दोन आठवड्यांत स्टेरॉइडवाले 21.1 टक्के गेले, दुसरे 17.9. शंभरामागे तीन जीव जास्त! चाचणी झाली नसती तर आजही तेच सलाईनमधून चाललं असतं.

मीनल_क:
अजिबात पटलं नाही. त्या चाचणीत स्टेरॉइडच्या बाजूला जे पडले, त्यांच्या घरच्यांचं काय? माझ्या भावाच्या अपघातानंतर मी कॅज्युअल्टीबाहेर बसले होते. हातात प्लास्टिकची पिशवी, तिच्यात त्याचं घड्याळ आणि एकच चप्पल. त्याला काय टोचतायत हे कळणं एवढंच माझ्या हातात होतं. तेही काढून घेणार? शिवाय उंदरांत गुण आला म्हणून माणसांत येतोच असं नाही. डोक्याच्या दुखापतीवर प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन देऊन पाहिलं, त्याचं तेच झालं. 2014 मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले, फायदा शून्य.

रात्रपाळी:
मी आयसीयूत नर्स आहे. ताई, तुमचं दुःख कळतं, पण घड्याळही बघा. 'क्रॅश-3' मध्ये 12,737 रुग्ण होते, औषध ट्रॅनेक्झामिक ॲसिड, रक्तस्राव रोखणारं. 2019 चा निकाल: मार लागल्यापासून 3 तासांत औषध मिळालं तर सौम्य ते मध्यम दुखापतीत मृत्यू कमी. फार गंभीर असेल तर फरक दिसला नाही. मुलगा पुण्यात, आईवडील गावाकडे. एसटीने पोचेपर्यंत 3 तास कधीच उलटलेले असतात.

मीनल_क:
गाडी लांब आहे, फोन तर लागतो ना? दोन मिनिटं मराठीत सांगा, मी लगेच हो म्हणेन. आणि फोन लागलाच नाही, तर शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःला सांगा. वाचला नाही तर आम्हाला सांगा, समोर बसवून.

घाटमाथा:
नंतर सांगायलाच हवं, त्यावर वाद नाही. पण फोन लागेपर्यंत सुई थांबवायची का, तिथे मी अजून 'नाही'वरच आहे.