मदत हवी आहे: कोच लेकीला बास्केटबॉलमध्ये शूटच करू देत नाहीत, शाळा बदलावी का?

वैतागबाबा
थेट मुद्द्यावर येतो. लेक उत्तम शूटर आहे, गेल्या वर्षी टीममध्ये सगळ्यात जास्त पॉइंट तिचे होते. यंदा नवे कोच आले. तिला जेमतेम सहा-सात मिनिटं उतरवतात, आणि तेव्हाही काम काय, तर समोरच्या गार्डला (बॉल पुढे आणणारीला) अडव! कॉलेजात बास्केटबॉल खेळायचं हे तिचं पाचवीपासूनचं स्वप्न. पॉइंटच नसतील तर कॉलेजचे कोच बघणार काय, कपाळ? शाळा बदलायच्या विचारात आहोत. लवकर सांगा.

रिबाउंड
कितवीत आहे? उंची? देश कुठला? एवढं तरी सांगा, मग बोलू.

वैतागबाबा
कॉलेज बास्केटबॉल म्हटल्यावर अमेरिकाच ना! अकरावी. गार्ड.

चहाटळ
माझा पुतण्या क्रिकेट खेळायचा, त्याचंही असंच झालं होतं. शेवटी त्याने खेळ सोडला, आता मजेत आहे.

कोर्टसाइड_आई
चहाटळ, धाग्यात काय विचारलंय, तुम्ही काय सांगताय!
वैतागबाबा, शाळा बदलायची घाई नको. बऱ्याच राज्यांत घर न हलवता नुसती शाळा बदलली तर ठरावीक काळ मॅच खेळता येत नाही. आत्ता निदान सहा मिनिटं मिळताहेत, तीही जायची. आणि ती शाळेबाहेरच्या क्लबकडून खेळते का?

वैतागबाबा
हो, खेळते की. तिथे स्टार्टर आहे, मॅचभर कोर्टवरच असते. पण प्रश्न शाळेचा आहे.

कोर्टसाइड_आई
अहो, हे पहिल्या पोस्टमध्ये नको का लिहायला? कॉलेजचे कोच खेळाडू हेरायला उन्हाळ्यातल्या क्लब टूर्नामेंटना गर्दी करतात. एका जागी शंभर-शंभर मुली दिसतात, ते सोडून शाळेच्या एकेका मॅचला किती जण जाणार? तुमचा निम्मा प्रश्न इथेच मिटला.

झोनवाला
खरा प्रश्न वेगळाच आहे. बऱ्याच शाळांमध्ये मॅन-टू-मॅन (प्रत्येकीने समोरच्या एकीलाच अडवायचं) लावतात आणि चांगल्या शूटरना दमवून टाकतात. २-३ झोन लावा (माणूस नाही, जागा राखायची: वर दोघी, खाली बास्केटजवळ तिघी), शूटरचे पाय ताजे राहतात. कोच बोहाइम यांनी सिरॅक्यूज कॉलेजात झोन खेळवून २००३ मध्ये विजेतेपद आणलं.

रिबाउंड
झोनवाला, प्रत्येक धाग्यात झोन! शाळकरी मुलीने आधी एकटीने माणूस अडवायला शिकावं. कॉलेजात गेल्यावर पहिल्या वर्षी ज्या मुली बसून राहतात, त्यातल्या बहुतेक डिफेन्समुळे. शूटर प्रत्येक टीमकडे चार असतात, कोच विचारतो की ही उतरली तर समोरची किती पॉइंट करेल. या नव्या कोचने बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलंय असं माझं मत.

झोनवाला
म्हणजे झोनमध्ये डिफेन्स नसतो? धन्य आहे.

रिबाउंड
असतो. पण झोनमध्ये शिकलेली मुलगी मॅन-टू-मॅनमध्ये हरवते, उलट तसं होत नाही. पंधरा वर्षं शाळेतल्या मुलींना शिकवून बोलतोय. (उंची अजून कळली नाही.)

गृहपाठ
खेळाचं राहू दे, मार्क कसे आहेत? डिव्हिजन १ साठी (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा स्तर) १६ कोअर कोर्स, म्हणजे ठरलेले मुख्य विषय लागतात आणि त्यात जीपीए (ग्रेडची सरासरी) किमान २.३. त्यातले १० बारावी सुरू होण्याआधी संपवावे लागतात, आणि मग त्यांतल्या ग्रेड सुधारता येत नाहीत. लेक अकरावीत आहे म्हणजे घड्याळ आत्ताच चालू आहे. डिव्हिजन ३ मध्ये खेळाची शिष्यवृत्ती नसतेच, आयव्ही लीगमध्येही (हार्वर्ड वगैरे) नाही, तिथे अभ्यासाच्या किंवा गरजेच्या मदतीवरच निभावतं. पण डिव्हिजन ३ ला नाक मुरडू नका, भरपूर मुली तिथे सुखाने खेळतात.

वैतागबाबा
मार्क उत्तम आहेत. पण कोचचं काय? मी त्यांना सविस्तर ईमेलही केली. उत्तर एका ओळीचं आलं की मुलीला स्वतः येऊन भेटायला सांगा.

कोर्टसाइड_आई
ईमेल केलीत?? किती वाजता? काय लिहिलंत?

वैतागबाबा
मॅच हरल्यावर, रात्री साडेअकरा. आकडेवारी जोडली होती. थोडी कडक होती.

कोर्टसाइड_आई
झालं. माझ्या यजमानांनीही थोरलीच्या वेळी हाच पराक्रम केला होता, नंतर दोन महिने ती आमच्याशी धड बोलली नाही. कोचनी योग्य तेच सांगितलंय. तिलाच पाठवा, तुम्ही पार्किंगमध्येसुद्धा थांबू नका. आणि "मला का खेळवत नाही" असं विचारायचं नाही. "जास्त मिनिटं मिळवायला मी नेमकं काय सुधारू" असं विचारायचं. पहिल्यावर कोच कारणं देतो, दुसऱ्यावर काम देतो.

रिबाउंड
+१. आणि ती बेंचवर कशी बसते तेही बघा. खांदे पाडून, टॉवेल डोक्यावर घेऊन? यूकॉन कॉलेजचे कोच जीनो ऑरिएमा मुलींची देहबोली बघतात, बेंचवरचीसुद्धा. हे त्यांनी स्वतः जाहीर सांगितलंय.

चपळपाय
बूट कुठले घालते? घोटा झाकणारे घ्या. आणि मोजे! कोच जॉन वुडन यूसीएलए कॉलेजच्या खेळाडूंना पहिल्या दिवशी मोजे कसे घालायचे ते शिकवायचे, सुरकुती राहिली तर फोड येतो म्हणून. १२ वर्षांत १० विजेतेपदं मिळवली त्या माणसाने.

झोनवाला
मोज्यांमुळे नव्हे, झोन प्रेसमुळे (कोर्टभर झोन लावून समोरच्यांवर दडपण). १९६४ ला ती पहिली ट्रॉफी २-२-१ प्रेसवर आली. बघा, शेवटी झोनच!

रिबाउंड
प्रेस आणि तुमचा २-३ एकच का? वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

वैतागबाबा
अपडेट. लेक भेटून आली, एकटीच. कोच म्हणाले, शूटिंग मला माहीत आहे, ते कुठे जात नाही. पण डावीकडे ड्रिबल करताच येत नाही आणि समोरच्यांना ते कळलंय, ते तिला डावीकडेच ढकलतात. शिवाय बॉल दुसऱ्या बाजूला गेला की ती उभी राहून बघते, मदतीला आत सरकत नाही. मी गेल्या तीन मॅचचे व्हिडिओ पुन्हा पाहिले. खरं आहे. मला आजवर फक्त तिचे बास्केट दिसत होते. शाळा बदलायचं सध्या बाजूला ठेवलंय. डाव्या हाताचं रोज घरी मीच करून घेऊ का?

कोर्टसाइड_आई
तुम्ही नको. क्लबच्या कोचना सांगा.

गृहपाठ
आणि कॉलेजांना पाठवायच्या व्हिडिओत नुसत्या बास्केटची माळ नको, एखादी पूर्ण मॅचही जोडा. डिफेन्सचे तुकडेही घाला, आता ते होतीलच.

रिबाउंड
उंची?

वैतागबाबा
पाच फूट सहा.

झोनवाला
म्हणजे २-३ मध्ये वरच्या दोघींपैकी एक. अगदी योग्य.